थांबायचं म्हणजे थांबायचं

मुंजाबाकाकांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात फेटा सोडला आणि पुन्हा बांधायला घेतला, तेव्हाच मी ओळखलं की आता भांडण होणार. आमचा हा थोरला चुलता चारचौघांत फेटा सोडतो तो फक्त दोन वेळा. एक सोयरीक मोडताना, आणि दुसरी कुणाला तरी अक्कल शिकवताना. सोयरीक मोडायला तिथं कुणी नव्हतं, म्हणजे पाळी माझी होती.

"सारजे," ते म्हणाले, "तुपल्या डॉक्टरला कापता येत नसंल तर तसं सांग म्हना. अटॅक येऊन गेला, तीन नळ्या बंद हायेत म्हनतो, आन् कापतो म्हनतो पुढल्या गुरुवारी. घर पेटल्यावर पानी पुढल्या गुरुवारी टाकतेत का?"

"काका, डॉक्टरांनी तुमच्यासमोरच सांगितलं ना, का थांबायचं ते."

"सांगितलं. त्यांना सांगाया काय जातंय!"

आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, पिशोरजवळच्या आमच्या मेंढवाड्यात छातीत कळ आली होती. मेंढ्या चरायला सोडायची वेळ होती. ते वाड्याभोवतीच्या वाघुरीच्या जाळीला टेकून खाली बसले आणि घामानं पार भिजले. पिशोरच्या डॉक्टरांनी जागेवर गोळ्या चारल्या, मायच्या हातात एक पाकीट दिलं आणि गाडीत घालून थेट इकडं शहरात पाठवलं. त्या डॉक्टरांचे उपकार आम्ही फेडू शकणार नाही. इथं जालना रोडवरच्या दवाखान्यात तपासणी झाली. नळीत स्प्रिंग बसवून भागण्यासारखं नव्हतं, बायपासच करावी लागणार होती.

सर्जन डॉक्टर सिद्दीकी हळू आवाजात बोलणारा माणूस. त्यांनी काकांना आणि मला समोर बसवून समजावलं होतं. "अटॅकमध्ये हृदयाच्या एका भागाला मार बसलाय. तो भाग आत्ता हळवा आहे. ओल्या भिंतीत खिळा ठोकला तर खिळाही राहत नाही आणि भिंतही. शिवाय त्यांना रक्त पातळ करायची गोळी दिलेली आहे. ती आता आपण बंद केलीय. तिचा असर उतरायला पाच दिवस लागतात. तो उतरण्याआधी छाती उघडली तर रक्त थांबवणं कठीण होईल. पेशंट आज स्थिर आहे, म्हणून थांबणं त्याच्या फायद्याचं. पण परत कळ आली, दाब पडला, तर मी वाट बघणार नाही. त्याच क्षणी उघडीन."

मला पटलं. मी शेंद्र्याच्या एका कंपनीत माल तपासायच्या टेबलावर काम करते. रंग वाळायच्या आत पार्ट उचलला की काय होतं ते मी रोज बघते. पण काकांना थांबणं म्हणजे हात बांधून बसणं वाटायचं आणि हात बांधून बसणं म्हणजे बायकांचं काम.

"भाऊकीतल्या बद्रीनाथच्या साडूचं त्या दुसऱ्या दवाखान्यात त्याच दिवशी केलं," काका म्हणाले.

"साडू कसा आहे आता?"

"वारला. पन ऑपरेशन लई चांगलं झालं व्हतं."

मी एवढंच म्हणाले, की आबा इथून हलणार नाहीत. थांबायचं म्हणजे थांबायचं. काकांनी फेट्याचं शेवटचं टोक खोचलं आणि पाच दिवस बघू म्हणाले. ते माझं ऐकत होते असं नाही. आबांनी पलंगावरून "दादा, पोरगी शिकलेली हाये, ऐका तिचं" म्हटलं होतं, म्हणून.

या सगळ्यात माझी माय कुठं होती, असं कुणी विचारील. माय दाराबाहेर होती. पुतळाबाई तिचं नाव. लग्न होऊन आली तेव्हापासून ती थोरल्या दिरासमोर बोललेली नाही. आमच्याकडच्या जुन्या बायकांची ती रीतच. थोरला दीर आला की पदर ओढायचा, उठून आडोशाला जायचं. काही सांगायचंच असलं तर मधल्या माणसाकडं बघून सांगायचं. काकाही तिच्याशी कधी थेट बोलले नाहीत. लहानपणी मी दोघांमधला टपाल्या होते. काका अंगणातून म्हणायचे, "सारजे, तुपल्या मायला म्हनाव भाकरी बांध." माय चार हातांवरच असायची. तिनं ऐकलेलं असायचं, तरी मी जाऊन सांगायची. मला तेव्हा त्याची गंमत वाटायची. दवाखान्यात आल्यावर संताप यायला लागला, कारण डॉक्टरांचा राउंड सकाळी असायचा आणि त्या वेळी मी कंपनीत. डॉक्टर आले की काका आत जायचे आणि काका आत गेले की माय बाहेर. नवरा तिचा आणि त्याच्या तब्येतीची खबर तिला सगळ्यांच्या शेवटी. तीही मी पाळी सुटल्यावर येऊन दिली तर. मी तिला सांगितलं होतं, की हृदयाला मार बसलाय, जरा सुधारेपर्यंत थांबायचं आहे. तिनं मान हलवली. माय जास्त विचारत नाही.

ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. पिशोरहून जीप भरभरून माणसं भेटायला येत होती. आजाऱ्याला भेटायला गेलं नाही तर आमच्यात ते जन्मभर काढतात. त्यामुळं जो उठेल तो येत होता आणि आबाही असे, की प्रत्येकाला रामराम घालायला उठून बसायचे. मी दारात उभी राहून लोकांना परत लावलं. एक म्हातारी मावशी तोंडावर म्हणाली, "लई शिष्ट झाली गं पोरगी शहरात येऊन." झाले तर झाले. भाऊकीतल्या तरण्या पोरांना मात्र मी रक्त द्यायला बसवलं. निदान तेवढा तरी उपयोग.

बुधवार उजाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलाच नंबर आबांचा होता. सगळी तयारी झाली होती. काकासुद्धा नरमले होते. "जमलं बरं का पोरी तुपलं," असं ते चहा पिताना म्हणाले आणि मला खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

दुपारी वॉर्डबॉय रामकिसन आबांच्या छातीवरचे केस काढायला आला. वस्तरा बरगडीजवळ जरासा लागला. नखाएवढंही कापलं नव्हतं.

"अरे बाबा," आबा म्हणाले, "म्या जन्मभर मेंढरं कातरली. एकीला जरी असं केलं असतं ना, मपल्या बापानं मलाच वाड्याभायेर काढलं असतं."

रामकिसन हसला, त्यानं कापूस दाबला, "धरा जरा" म्हणून माझ्या हातात दिला आणि बाकीचं काम उरकून गेला. मी कापूस धरून बसले. थोड्या वेळानं उचलून पाहिला तर लालभडक. दुसरा घेतला. तोही भरला. तिसराही भिजला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गोळीचा असर उतरला की रक्त नीट गोठायला लागेल. पाच दिवस होत आले होते. मग एवढ्याशा ओरखड्याचं रक्त थांबत का नव्हतं?

"आबा, तुम्ही काही गोळी घेतली का? बाहेरची?"

"नर्स देती तेवढ्याच. त्या बी घशाखाली उतरत न्हाईत मपल्या."

मी मायकडं पाहिलं. ती पलंगाच्या पायथ्याशी बसली होती. तिचा हात नकळत कमरेच्या चंचीवर गेला होता आणि चेहरा उतरला होता. कापूस आबांच्या हातात देऊन मी तिला बाहेर व्हरांड्यात नेलं.

"काय आहे चंचीत?"

तिनं काढून दाखवलं. पिशोरच्या डॉक्टरांनी दिलेलं पाकीट. अर्ध्याहून जास्त घरं रिकामी.

"डॉक्टरनं मपल्या हातात देलतं," ती म्हणाली. "म्हनले, बाई, ही गोळी एक दिवस बी चुकवू नको, चुकली तर गाठ जिवाशी हाये. हितं ह्या पोरी सतरा गोळ्या देतेत, पन ही नाय देत. म्या रोज पाह्यते ना. इसरल्या असतील म्हनलं. त्यांना तरी किती जनांचं ध्यान ऱ्हानार?"

"आणि आबांना कशी दिलीस? ते म्हणतात घेतली नाही."

"भाकरीत. गुळाच्या खड्यात दाबून, वरून भाकरीचा घास. त्यांना सांगितलं असतं तर थुकली असती. आजारी मेंढीला नाय का आपन देत तशी."

भाकरी रोज माझ्या घरून जात होती. पहाटे उठून मी थापलेली, पाळीला जाताना मीच पोचवलेली. माझ्याच भाकरीतून माझ्या बापाच्या पोटात ती गोळी जात होती आणि मी दारात उभी राहून लोकांना थांबण्याचं महत्त्व सांगत होते.

"अगं पण माय, डॉक्टरांना विचारायचं ना एकदा! ही गोळी का देत नाही म्हणून!"

"कसं इचारू?" ती म्हणाली. "डॉक्टर येतेत तवा ते असतेत ना संगं."

ते म्हणजे काका. एवढा राग आला होता की तो कुणावर काढावा ते कळेना. मायवर काढावा तर तिनं डॉक्टरचा शब्द जिवापाड पाळला होता. काकांवर काढावा तर त्यांनी तिला कधी बोलू नको म्हटलं नव्हतं. कुणीच म्हटलं नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. पण त्यात तोंड दाबणारा हात कुणाचा, ते दिसत नाही.

मी तिला सांगितलं, की ती गोळी रक्त पातळ करते, उद्या छाती उघडली तर रक्त थांबणार नाही. माय अडाणी आहे, पण तिला एकच गोष्ट दोनदा सांगावी लागत नाही. तिनं पदर तोंडाला लावला.

"म्या मारत व्हते का गं त्यांना?"

"नाही. अजून काही झालेलं नाही. डॉक्टरांना आत्ता सांगायचं, बस. आणि ऐक. तू गप राहा. मीच दिली म्हणून सांगते मी. काका मला बोलून बोलून काय बोलतील? तुला मात्र भाऊकी मरेपर्यंत सोडायची नाही."

मायनं माझ्याकडं पाहिलं, पण हो म्हणाली नाही.

आम्ही आत आबांजवळ येऊन बसलो, तेवढ्यात डॉक्टर सिद्दीकी आलेच. उद्याच्या पेशंटला ते आदल्या दिवशी स्वतः बघून जायचे. मागोमाग काका. माय सवयीनं उठली, पदर ओढला, दाराकडं निघाली. मी घसा साफ केला.

"डॉक्टर, एक चूक झालीय. ती रक्त पातळ करायची गोळी आबांना रोज दिली गेलीय. मी..."

"तिनं नाय. म्या देली."

आवाज दारातून आला. माय पाठमोरी थांबली होती. मग ती वळली. पदर कपाळापर्यंत तसाच होता, पण ती आत आली आणि डॉक्टरांसमोर उभी राहिली. काका तिच्यापासून दोन हातांवर होते.

काकांनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ते मला म्हणाले, "सारजे, हिला भायेर ने."

डॉक्टरांनी मात्र तिलाच विचारलं, "शेवटची कधी दिली, अम्मा?"

"आज सकाळच्याला. भाकरीसंगं." तिनं पाकीट पुढं केलं. "हे पाहा. म्या चुकवली नाय एक बी."

डॉक्टरांनी पाकीट उलटसुलट करून बघितलं. मला वाटलं आता ओरडतील. ते म्हणाले, "उद्या टेबलावर कळलं असतं तर फार महागात पडलं असतं. बरं केलंत सांगितलंत." मग आमच्याकडं वळून, "उद्या नाही करता येणार. आजपासून पुन्हा पाच दिवस."

झालं! काकांचा पारा असा चढला की मागच्या पलंगावरचा माणूस उठून बसला. "पुन्हा पाच दिवस? आमी काय येडे हावोत का? सारजे, गाडी बोलाव. आत्ताच्या आत्ता. त्या दुसऱ्या दवाखान्यात नेतो म्या त्याला." आणि ते खरंच पलंगाखालची पिशवी ओढायला वाकले.

मायनं ती पिशवी पायानं आत सारली. मग पलंगाची दांडी धरून ती काकांच्या समोर उभी राहिली.

"भावजी," ती म्हणाली. "तुमी थोरले. लगीन झाल्यापसून तुमी म्हनाल ते ऐकलं. वाडा कुठं हालवायचा, मेंढरं कवा इकायची, पोरगी कुठं द्यायची, समदं ऐकलं. आज नाय ऐकायची. चूक मपली हाये, ती मपल्या तोंडानं सांगितली. तुमी ह्यांना त्या दवाखान्यात नेसान, पन पोटात गोळी तीच ऱ्हानार ना? का गोळी वाटंत गाडीतून उतरून जानार हाये? हितंच ऱ्हातील हे. थांबायचं म्हनले का थांबायचं."

काकांचा हात फेट्याकडं गेला. मला वाटलं, आता सोडतात. हात तसाच खाली आला.

आबा पलंगावरून म्हणाले, "दादा, बसा. ती खरं बोलती." मग जरा थांबून, "तरी म्हनलं, रोज गूळ कामून चारायली ही."

काका स्टुलावर बसले. मग मला म्हणाले, "सारजे, तिला इचार, चहा घ्यायचा का." माय दोन हातांवर होती. मी जाऊन विचारलं. ती म्हणाली, घेते.

ते दुसरे पाच दिवस आधीच्यांपेक्षा अवघड गेले. आधी मला फक्त काकांशी भांडायचं होतं. आता मला स्वतःच्या भीतीशीही भांडावं लागत होतं. मी चुकत असले तर? थांबता थांबता आबा गेले तर? पण माय आता सकाळी बाहेर जात नव्हती. राउंडला डॉक्टर आले की ती पलंगाजवळ पदर घेऊन उभी. काका खिडकीजवळ, भिंतीकडं तोंड करून. नर्सनं गोळी आणली की माय विचारायची, "ही कशाची?" एकीनं कंटाळून "हृदयाची" म्हटलं, तर म्हणाली, "हृदयाच्या तर समद्याच हायेत. ही काय करती ते सांग." मला तिचा इतका अभिमान वाटला की कंपनीत मी चार जणींना तेच सांगत फिरले.

शनिवारी दुपारी आबांनी छातीवर हात ठेवला. "दाबल्यावानी व्हायलंय," म्हणाले. मी नर्सला हाक मारली. डॉक्टर धावत आले, छातीला तारा लागल्या, बाहेर कुणीतरी ऑपरेशनची खोली तयार ठेवा म्हणून फोन करत होतं. काकांनी खिशातून मोबाइल काढला. गाडीवाल्याचाच नंबर लावत होते, मी पाहिलं. माय डॉक्टरांना म्हणाली, "कळ आली तर लगीच उघडू म्हनला व्हतात. उघडायचं असंल तर उघडा. गोळीचं मला सांगू नका, मला म्हाईत हाये ते."

डॉक्टर कागदावरच्या रेघा बघत होते. त्यांनी पुन्हा एकदा तारा लावून पाहिलं, रक्त तपासायला पाठवलं. "नवीन अटॅक नाही," ते शेवटी म्हणाले. "पित्ताचं दिसतंय. तरी इथंच बसतो मी जरा." ते खरोखरच बसले. औषधानं आबांना ढेकर आला आणि ते ओशाळले. काकांनी हातातल्या मोबाइलकडं पाहिलं, मग मायकडं पाहिलं आणि मोबाइल खिशात टाकला. थोरल्या दिरानं मायकडं सरळ बघितलेलं मी पहिल्यांदा पाहत होते.

मंगळवारी सकाळी आबांना नेलं. ढकलगाडीवर पडल्या पडल्या ते मायला म्हणाले, "काही खाऊ घालायचं ऱ्हायलं नाय ना?" ती म्हणाली, "गप ऱ्हावा." मग तिनं त्यांच्या पायाला हात लावला आणि दार बंद झालं.

आम्ही तिघं बाकावर बसलो. मध्ये मी. माय चंचीची दोरी बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. काकांनी एकदाही फेट्याला हात लावला नाही. मी देवाचं नाव घेत नाही फारसं, पण त्या दिवशी खंडोबापासून सुरू करून जेवढे आठवले तेवढे सगळे घेतले.

दुपार कलल्यावर दार उघडलं. "त्रिंबकरावांच्या घरचं कुणी?" म्हणून आबांचं नाव पुकारलं. काका उठले आणि आत गेले. मला वाईट वाटलं. एवढं सगळं होऊनही शेवटी आत जाणारे काकाच, आणि माय बाकावरच. मी उठायला लागले, तर मायनं माझा हात धरून बसवलं. "जाऊ दे. भाऊ हाये त्यांचा," ती म्हणाली.

काका बाहेर आले. त्यांचे डोळे लाल होते. मी उभी राहिले, "काय म्हणाले डॉक्टर?" विचारलं. काकांनी मला हातानं बाजूला केलं. ते मायसमोर जाऊन उभे राहिले. माय उठली, पदराला हात गेला.

"पुतळाबाई," काका म्हणाले. जन्मात त्यांनी हे नाव तिच्या तोंडावर घेतलं नव्हतं. "चांगलं झालं. रगत बी येळेवर थांबलं म्हनले. आता काळीज त्याचं त्याचं धडधडायलंय."

मायचे डोळे भरून वाहायला लागले. तिनं ते पदरानं पुसले. एकदा पुसले, दोनदा पुसले. मग पदर कपाळावरून जरा मागं सारला आणि थोरल्या दिराच्या तोंडाकडं बघून म्हणाली,

"आन् ती गोळी? ती पुन्हा कवापसून सुरू करायची, ते इचारलं का?"

काका गडबडले. "नाय, ते ऱ्हायलं."

"मग इचारून या."

आणि मुंजाबाकाका परत आत गेले.